जोडावर नाव कुणाचं?

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या माणसाला पायाचं माप देऊन चपलेचा जोड करून घ्यायचा असेल, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक कोल्हापूरची. तिथं सुभाषनगरात कारागिरांची घरं आहेत आणि शिवाजी चौकाजवळ चप्पल लाइन आहे. दुसरी वाट सांगली-मिरज ओलांडून, कागवाडमार्गे अथणीला जाते. दोन्हीकडे शिवण चामड्याच्या वादीची, दोन्हीकडे हत्यारं रापी आणि आरी, आणि दोन्हीकडे मालाचं नाव एकच, कोल्हापुरी. २०१९ साली या चपलेचं भौगोलिक मानांकन जाहीर झालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. म्हणजे आष्टा कोल्हापुरी चपलेच्या मुलखाबाहेर नाही, मुलखातच आहे. तरीही ‘चांगला जोड कुठला?’ असं कुणी विचारलं की घराघरांत दोन तट पडतात. तोच वाद इथे मामा आणि भाची अशा दोन आवाजांत मांडला आहे. ही दोघं वादापुरती कल्पिलेली आहेत, त्यांची मतं मात्र खरीखुरी, रोज ऐकू येणारी आहेत. मला स्वतःला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. माप देऊन केलेल्या पादत्राणाची तुलना गावाच्या नावावरून करू नये. ती तीन प्रश्नांवर करावी. माप कसं घेतलं? चामडं कसं कमावलं? आणि जोड बिघडला तर तो कुणापुढे नेऊन ठेवायचा? या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळायचं तर जोडावर करणाऱ्याचं नाव असलं पाहिजे.

मामा : पोरी, चप्पल घ्यायची तर कोल्हापुरात जाऊनच घ्यावी. त्या नावाला उगाच किंमत आलेली नाही. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला, पैलवानांपासून पाटलांपर्यंत सगळ्यांच्या पायांत ती गेली, तेव्हा कुठं ते नाव झालं. अथणीची चप्पल मी बघितली आहे. हलकी, नाजूक, वेणी बारीक, बघत राहावी अशी. लग्नकार्याला ठीक. पण आपल्या काळ्या रानात, उसाच्या बांधावरून चालायचं तर जाड तळाचा, वजनदार जोडच पाहिजे. पहिले चार दिवस तो चावतो, मान्य आहे. तेल पाजायचं, सोसायचं. एकदा का त्यानं पाय ओळखला की मग वर्षानुवर्षं बघायला नको. माप म्हणशील, तर जुन्या कारागिराला टेपसुद्धा लागत नाही. पाऊल बघूनच तो चामडं कापायला घेतो. हे ज्ञान पिढ्यांचं आहे, ते कुठल्या यंत्रात भरता येत नाही.

भाची : मामा, तुम्ही कोल्हापुरात घेतलेला जोड कोल्हापुरातच झाला, हे कशावरून? अथणी, निपाणी, मदभावी इथं शिवलेला माल वर्षानुवर्षं कोल्हापूरच्या दुकानांत विकला जातो. तुम्ही ज्याला कोल्हापूरचा हात म्हणता, तो एखाद्या वेळी मदभावीच्या एखाद्या बाईचा असेल. मग तुम्ही नेमकं कौतुक कशाचं करता? दुकानाच्या पाटीचंच ना? बर्फावर फिगर स्केटिंग करणारे खेळाडू माप देऊन बूट करून घेतात, त्यांच्याकडून आपण शिकावं. अमेरिकेत हार्लिक १९३३ पासून आणि रीडेल १९४५ पासून असे बूट करतात, इटलीत एडिया कृत्रिम साहित्याचे हलके बूट करते. त्यांच्यात चांगला कोण, हे खेळाडू गावावरून ठरवत नाहीत. टाच आत उचलते का, घोट्याचं हाड दाबतं का, वजन किती, बूट किती कडक, किती महिन्यांत मऊ पडतो, असं एकेक कलम लावून बघतात. आपल्या चपलेलाही तशीच मोजता येणारी कलमं लावा. माप यंत्रानं घ्या, नंबर ठरवा, मग कोल्हापूर असो की अथणी, काय फरक पडतो?

दोघांचंही बोलणं वजनदार आहे, म्हणून आधी मापाचाच प्रश्न घेऊ. भाचीच्या बाजूनं मोठा पुरावा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं मोजली, त्यासाठी त्रिमितीय स्कॅनर वापरले. त्यातून दिसलं की भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा चवड्याशी रुंद आहे. आपण मात्र स्वातंत्र्यापूर्वीपासून इंग्रजी नंबरच वापरत आलो. त्यामुळे रुंद चवड्याचा माणूस लांबीला एक नंबर मोठा बूट घेतो आणि त्यात पाऊल पुढे सरकतं, किंवा नाडी आवळून रक्त अडवून घेतो. या पाहणीतून ‘भा’ नावाची नवी मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे केवळ ‘पाऊल बघून’ चालत आलेल्या समजुतीपेक्षा लाखभर पावलांची मोजणी जास्त सांगून गेली. मामांनी पिढ्यांच्या ज्ञानाचा आदर जरूर करावा, पण लाखभर पावलांच्या नोंदीलाही ज्ञानच म्हणतात.

पण इथंच भाचीच्या म्हणण्याची मर्यादाही उघडी पडते. सरासरी कितीही चांगली असली तरी ती कुणा एकाच्या पायात बसत नाही. माप घेण्याची साधी क्रिया जवळून पाहिली तर हे कळतं. जमिनीवर कागद ठेवून त्यावर पाऊल टेकवायचं आणि पेन्सिल कडेनं फिरवायची. पेन्सिल सरळ उभी धरली तर रेघ पावलालगत येते. ती जरा आत कलली तर रेघ तळव्याखाली शिरते आणि माप लहान भरतं, बाहेर कलली तर मोठं भरतं. माणूस बसून माप देतो तेव्हा पाऊल आखूड नि अरुंद दिसतं. उभा राहिला की अंगाचा भार पडून चवडा पसरतो. सकाळचं पाऊल आणि दिवसभर उभं राहून सुजलेलं संध्याकाळचं पाऊल एक नसतं. डावा नि उजवा पाय क्वचितच सारखे असतात. म्हणून जाणता कारागीर दोन्ही पावलांच्या रेघा घेतो, माणसाला उभा करूनच घेतो, चवड्याच्या सांध्याभोवती आणि पावलाच्या उंचवट्यावरून टेप फिरवतो, आणि शेवटी अंगठा जिथं चपलेतून बाहेर येणार तिथं बोट टेकवून खूण करतो. कोल्हापुरीत सगळा तोल त्या अंगठ्याच्या जागेवर असतो. ती अर्धं बोट मागेपुढे झाली तर तळ कितीही उत्तम असला तरी पाऊल पुढे घसरतं आणि टाच मागं उघडी पडते. हे काम स्कॅनर करू शकेल, कसलेला हातही करू शकेल. दोघांनीही ते केलं की नाही, हे मात्र ‘कोल्हापूर’ किंवा ‘अथणी’ या नावावरून कळत नाही.

स्केटिंगचं उदाहरण भाचीनं दिलं, त्यातून आणखी एक शहाणपण घेता येतं. उडी घेऊन बर्फावर उतरताना खेळाडूच्या एका पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. बुटाच्या तळाला पोलादी पातं स्क्रूनं बसवलेलं असतं. टाच आत थोडीशी जरी उचलली, तरी पात्यावरचा ताबा जातो. म्हणून तिथं मापाला फार किंमत आहे. पण मापाचे बूट फार महाग असतात आणि वाढत्या पायाला ते लवकर लहान होतात. त्यामुळे लहान मुलाला शक्यतो तयार नंबरातला बूट द्यावा, पाय वाढायचा थांबला की मग मापाचा करावा, हे साधं व्यवहारज्ञान आहे. चेन्नईच्या संस्थेची पाहणी सांगते की मुलींच्या पावलाची वाढ साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असते. म्हणून शाळकरी पोरासाठी मापाचा जोड करायला घाई नको. तिथं भाचीचे नंबर पुरेत. मापाच्या जोडाची खरी गरज ज्याचं पाऊल ठरून गेलं आहे त्याला असते, आणि ज्याचं पाऊल नंबरात मावत नाही त्याला तर सर्वांत जास्त.

मामा : माप राहू दे बाजूला. चामड्याचं काय? जुनी चप्पल पायात फिट बसायची, कारण चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं असायचं. आता कुणाला तेवढा वेळ आहे? ज्याच्या घरात ते चालायचं त्याच्याकडूनच घ्यावी, हेच मी सांगतो आहे.

मामांचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे, आणि तो त्यांच्याच आधीच्या म्हणण्याविरुद्ध जातो. सालीनं आणि हिरड्यानं चामडं कमावायला आठवडे लागतात. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून ती टांगत आणि आत बाभळीच्या सालीचं पाणी भरून ते हळूहळू पाझरू देत. असं चामडं सुरुवातीला ताठ असतं, म्हणून चावतं. अंगाच्या उबेनं, घामानं आणि तेलानं ते पायाचा आकार घेतं. क्रोमनं कमावलेलं चामडं फार कमी वेळात तयार होतं, मऊ असतं, पण पायाचा ठसा ते तितका धरत नाही. स्केटिंगचे काही नवे बूट भट्टीत गरम करून खेळाडूच्या पायावरच आवळतात, ते थंड होताना घोट्याचा आकार घेतात. आपली चप्पल तेच काम भट्टीशिवाय, पायाच्या उबेवर महिनाभरात करते. पण आज हे चामडं येतं कुठून? २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. त्यानंतर कारागिरांची भिस्त म्हशीच्या कातड्यावर आणि चेन्नईसारख्या बाहेरच्या ठिकाणांहून येणाऱ्या चामड्यावर वाढली. म्हणजे कोल्हापुरात शिवलेल्या आणि अथणीत शिवलेल्या जोडाचं चामडं एकाच बाजारातून आलेलं असू शकतं, आणि एकाच गल्लीतल्या दोन घरांत ते निरनिराळ्या ठिकाणचं असू शकतं. फरक गावागावांत कमी नि घराघरांत जास्त, अशी अवस्था आली की गावाच्या नावावर विसंबणारं गिऱ्हाईक फसतं. मामांना हवं असलेलं चामडं मिळवायचा मार्ग एकच आहे. हे चामडं कुणी, कशानं कमावलं, ते शिवणाऱ्याला विचारायचं आणि त्यानं ते सांगायचं.

इथून आपण तिसऱ्या प्रश्नावर येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. कोल्हापुरी चपलेचं नाव गावामुळे झालं आणि ती करणारे हात निनावी राहिले. कापशी हा प्रकार कागल तालुक्यातल्या गावाच्या नावानं ओळखला जातो, कुरुंदवाडीही तसाच गावाचं नाव घेऊन फिरतो. कातडं कमावणारे ढोर समाजाचे, शिवणारे चर्मकार, वेणी विणण्याचं काम बहुतेक बायकांचं. ज्यांच्या कामावर हे नाव उभं राहिलं, त्यांच्या नावाची गरज बाजाराला कधी वाटली नाही. यामागे केवळ धंद्याची सवय नव्हती. चामड्याला हात लावणाऱ्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही, ही जातीची सवय होती. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारखी पादत्राणं दिसली आणि आपल्याकडे संताप उसळला. तो संताप रास्त होता. त्यानंतर प्राडानं मूळ प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र नि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून, इथल्या कारागिरांकडून घडवलेले २,००० जोड प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याचं जाहीर केलं. चर्चा मात्र शेवटपर्यंत गावाच्या, राज्याच्या आणि देशाच्या नावाभोवती फिरली. एक जोड समोर ठेवून ‘हा कुणी शिवला?’ असं विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

भाची : पण माणसाचं नाव लावलं तर मानांकन कशाला? नाव आठ जिल्ह्यांचं आहे, सगळ्यांचं मिळून आहे. एकेकाचं नाव पुढं आलं की दोन-चार घरं मोठी होतील आणि बाकीची मागं पडतील. शिवाय पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाला सुभाषनगरातल्या नावाचा काय उपयोग? त्याला नंबर आणि शिक्काच कळणार.

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जाणता गायक नुसता ‘मिरजेचा तानपुरा’ मागत नाही. आपल्या आवाजाची पट्टी सांगतो आणि कोणत्या घरातला, कुणाच्या हातचा तानपुरा हवा तेही सांगतो. बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजासाठी तानपुऱ्याचा आकार नि तारांची जाडी वेगळी ठेवतात, जवारी घासून सूर मोकळा करतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी जवारी काढायला वाद्य पुन्हा त्याच हाताकडे नेतात. गावाचं नाव आणि घराचं नाव तिथं एकमेकांना मारत नाहीत. घराचं नाव गावाच्या नावाला खात्री देतं. चपलेचंही तसंच होऊ शकतं. दोन-चार घरंच मोठी होतील ही भीती, काहींनीच नाव लावलं तर खरी ठरेल. प्रत्येक जोडावर नाव असेल तर लहान घरालाही त्याच्या चांगल्या कामाची ओळख मिळते. आज ती ओळख दुकानदाराच्या पाटीत बुडून जाते. दूरच्या गिऱ्हाइकाचं म्हणाल, तर महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळानं २०२५ मध्ये चपलेला क्यूआर कोड लावायला सुरुवात केली. त्यात कारागिराची किंवा उत्पादन केंद्राची ओळख, ठिकाण, कामाची पद्धत आणि वापरलेलं साहित्य यांची माहिती असते. नंबर समजणाऱ्या गिऱ्हाइकाला हा कोडही समजेल. फक्त तो ‘माल अस्सल आहे’ एवढंच सांगून थांबता कामा नये. तक्रार घेऊन जायची वाट त्यानं उघडली पाहिजे.

मामा : आणि पैसा? माप देऊन, नाव विचारून, नीट चामडं निवडून केलेला जोड गरिबाला परवडतो का? बाजारात रेक्झिनची चप्पल दीडदोनशेला पडते. ती तुटली की फेकायची, दुसरी घ्यायची.

किमतीचा हिशेब जोडाच्या किमतीवर करायचा की पायाच्या वर्षांवर, हा प्रश्न आहे. हातानं शिवलेल्या कोल्हापुरीत खिळा नसतो. वादीची शिवण उसवली तर तेवढी वादी काढून दुसरी घालता येते, पट्टा सैल पडला तर आवळता येतो, टाच झिजली तर चामड्याचा थर चढवता येतो. रेक्झिनचा तळ एकदा चिरला की त्याचं काहीच होत नाही. म्हणजे मापाचा जोड महाग पडतो तो पहिल्या दिवशी. पुढं तो दुरुस्त होत राहिला तर स्वस्त पडतो. पण ‘दुरुस्त होत राहिला तर’ ही अट मोठी आहे, कारण ती दुरुस्ती करणाऱ्यावर अवलंबून आहे. परक्या हातानं आवळलेला पट्टा अंगठ्याची जागा हलवतो आणि मूळ माप वाया जातं. मापाचा जोड त्याच हाताकडे परत नेता आला पाहिजे. गिऱ्हाइकाचीही काही कर्तव्यं आहेत. सालीनं कमावलेलं चामडं पावसाळ्यात आणि चिखलात वापरू नये. ते भिजलं की फुगतं, पसरतं, थर सुटायला लागतात. मग दोष कारागिराचा नसतो. मामांचा उसाच्या बांधावरचा जाड जोडही आषाढात घरातच राहिलेला बरा.

आता या तिन्ही कसोट्या घेऊन दोन्ही वाटांकडे पाहू. जाड तळाचा, वजनदार जोड आणि बारीक वेणीचा, हलका जोड हे दोन वेगळ्या कामांसाठी घडलेले आहेत. रानात चालणाऱ्याला पहिला, दिवसभर दुकानात किंवा शाळेत उभं राहणाऱ्याला दुसरा, एवढं सांगितलं की त्यांच्यातला श्रेष्ठ-कनिष्ठाचा वाद बराचसा निवळतो. हार्लिकचा चामडी बूट आणि एडियाचा हलका बूट यांच्यातही खेळाडू अशीच निवड करतो, आपल्या घोट्याला आणि आपल्या उडीला काय मानवतं ते पाहून. मामांनी कोल्हापूरचा अभिमान धरावा, पण सुभाषनगरातल्या ज्या घरातून जोड घेतात त्या घराचं नाव त्यांना सांगता आलं पाहिजे. भाचीनं नंबराचा आग्रह धरावा, पण नंबर कुठं संपतो आणि त्या एका माणसाचं पाऊल कुठं सुरू होतं, हेही मान्य करावं. गावाचं नाव आणि नंबर या दोन्ही सोयी आहेत. पायाला लागलं तर त्याचं उत्तर या दोन्हींतून मिळत नाही. ते माप घेणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसालाच द्यावं लागतं.

यासाठी मोठी योजना यायची वाट बघायला नको. माप देताना ज्या कागदावर आपल्या पावलाची रेघ उमटते, त्याच कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. तारीख, चामडं कशानं कमावलेलं, पट्टा किती सैल ठेवला, आणि शिवणाऱ्याचं पूर्ण नाव. विणकाम दुसऱ्या बाईनं केलं असेल तर तिचंही. एक प्रत आपल्याकडे, एक कारागिराच्या घरी. वर्षानं पट्टा सैल झाला की तो कागद घेऊन परत जावं. कोल्हापूरला जाणाऱ्यानं तेच करावं, अथणीला जाणाऱ्यानंही तेच. त्या कागदावर पावलाची रेघ गिऱ्हाइकाची असते. आजवर तिच्याशेजारची जागा रिकामी राहिली. तिथं करणाऱ्याचं नाव आलं, की मग कुठला जोड चांगला हे ठरवायला आपल्यापाशी काहीतरी भक्कम असेल.